रिकाम्या डब्याची भीती

मोखाडा
भाद्रपद

चि. बाळ,


तुझ्या घरून परतून आठ दिवस झाले. त्या रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून मी उठून आले, तर तू एकेक डबा उघडून आत हात घालून बघत होतीस. मला पाहिलंस आणि म्हणालीस, "बाई, भरलेत ना, एवढंच बघते." पलंगाखाली तांदळाची सात पोती, त्यांतल्या दोन पोत्यांना पोरकिडे लागलेले. कपाटात घडी न मोडलेल्या चादरी. दुसऱ्या दिवशी यजमानांनी त्यांतलं एक किडकं पोतं जिन्यात नेऊन ठेवलं, तेव्हा तू लहान मुलीसारखी रडलीस. ते वैतागले. मी वैतागले नाही, कारण ती लहान मुलगी मी पाहिलेली आहे.

१९९२ साल. वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली आणि जव्हार तालुक्यातल्या या गावांची नावं सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. पुढच्या जूनमध्ये तू आमच्या आश्रमशाळेत आलीस. पहिल्याच आठवड्यात तुझ्या पत्र्याच्या पेटीला मुंग्यांची रांग लागली. उघडून पाहिलं तर फ्रॉकच्या घडीत भाकरीचे तुकडे होते, काही वाळलेले, काही बुरसलेले. मी पेटी पुन्हा लावून ठेवली. तुला तेव्हा काही बोलले नाही, आज सांगते. दर रविवारी मी ती पेटी बघत असे. गणपतीपर्यंत तुकडे कमी झाले. दिवाळीची सुट्टी संपवून तू परत आलीस, त्यानंतर पेटीत एकही तुकडा सापडला नाही. कुणी तुला समजावलं नव्हतं. रोज ठरल्या वेळी घंटा होत होती, ताट येत होतं, आणि एक दिवस तुझ्या मनाने ते मान्य केलं.

मग आता तीस वर्षांनी हे का उसळलं? माझा अंदाज सांगते. २०२० च्या मार्चमध्ये दुकानांची शटरं खाली आली आणि वीटभट्ट्यांवरची आपली माणसं लेकरं कडेवर घेऊन पायी परतायला लागली. तू तर तेव्हा कोविडच्या वॉर्डात रात्रपाळ्या करत होतीस. मरणाला घाबरली नाहीस, पण रिकाम्या डब्याला घाबरलीस.

साठवू नकोस असं मी तुला सांगणार नाही. भरल्या पोटाच्या माणसाने भुकेल्याला वैराग्य शिकवणं मला पाप वाटतं. वावर-वांगणीच्या त्या मुलांना मनाची शांती कमी पडली नव्हती; धान्य, रस्ता आणि वेळेवर डॉक्टर कमी पडला होता. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा आला. हे माणसांनी भांडून मिळवलं, आणि भांडायलाच हवं होतं. आपल्या पाड्यावरही कणगी असतेच. पण बियाण्याची नागली चुलीच्या धुरावर टांगतात, वरई राखेत घालून ठेवतात, ती कशासाठी? पाऊस पडला की मातीत टाकायला. ठेवण्याला मुदत असते. तुझ्या पोत्यांना मुदतच नाही.

जव्हारच्या मुकण्यांची दंतकथा मी तुम्हाला चौथीत सांगितली होती. त्यांच्या मूळपुरुषाने एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मिळाल्यावर त्या कातड्याच्या इतक्या बारीक पट्ट्या कापल्या की मोठा मुलूख वेढला गेला. तेव्हा तुम्ही सगळी त्याच्या हुशारीला हसलात. भीतीसुद्धा 'पुरेसं' या शब्दाची अशीच पट्टी कापते गं. आधी महिन्याचं पुरे म्हणते, मग वर्षाचं, मग मुलांच्या लग्नापर्यंतचं. पट्टी बारीक होत जाते, पण दोन टोकं काही जुळत नाहीत.

मी इथे रुजू झाले तेव्हा मीही एक मोठी ट्रंक भरून आणली होती. कुणीतरी सांगितलं होतं, पावसाळ्यात मोखाड्यात काही मिळत नाही. जुलैत रस्ता तुटला. ओलीने पीठ जाळीदार झालं, डाळीला वास यायला लागला, आणि मी त्या ट्रंकेवर बसून रडले. शेजारच्या पाड्यावरची एक बाई द्रोणात कडुकंद घेऊन आली. काप करून, राखेत उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवलेला. नंतर मला कळलं, तिच्या कणगीत तेव्हा तळालाही दाणा नव्हता. तिला काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. तिचे डोळे मला अजून आठवतात. पण ती झोपू शकत होती. उद्या उठून कुठल्या उतारावर जायचं हे तिच्या पायांना ठाऊक होतं, आणि तिथे काही मिळालं नाही तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं हेही. माझी ट्रंक मला यातलं काहीच देऊ शकली नाही.

तुझ्याकडे हे आहे. आठव्या वर्षी आईचा हात सोडून तू एसटीत बसलीस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी कुणाची भाषा कळत नव्हती, फीचे पैसे नव्हते. त्यातलं एकही संकट साठवलेल्या वस्तूने निभावलं नाही. प्रत्येक वेळी तू निभावलंस, आणि कुणी ना कुणी हात दिला. रात्री डबे मोजायचेच असतील तर एकदा हे मोजून बघ.

तुकोबांनी कर्जाच्या वह्या बुडवल्या ती कथा तुला ठाऊक आहे. मी मात्र त्या कथेतल्या दोन गोष्टींपाशी थांबते. सावकारी घरातल्या त्या माणसाची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली. भूक म्हणजे काय हे घरात पाहिलेल्या माणसाने ती कर्जखतं इंद्रायणीत सोडली. आणि सोडण्यापूर्वी वाटणी केली. धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हाती दिला, आपला तेवढा बुडवला. म्हणून तूही एका झटक्यात घर रिकामं करू नकोस, आणि यजमानांनाही करू देऊ नकोस. मुलांचं वर्षाचं धान्य मुलांचं आहे, ते राहू दे. किडकी पोती आधी जाऊ देत, ती कुणाच्याच वाट्याची नाहीत. मग महिन्याला एकच गोष्ट, तुझ्या हाताने, तू निवडून, आणि कुणाला दिलीस त्याचं तोंड बघून दे. रद्दीवाल्याला देऊन हे साधणार नाही.

रात्री जाग आली तर डबा उघडू नकोस. तांब्याभर पाणी घे आणि गॅलरीत बस. भीती चढेल. छाती धडधडेल, हात डब्याकडे ओढतील. बसून राहा. चढते तशी ती उतरतेही. पेशंटचा ताप उतरताना तू पाहतेस तसंच. पहिल्या दिवशी जमणार नाही, कदाचित दहाव्यालाही नाही. न जमल्याची लाज धरू नकोस. वस्तू टाकवत नाहीत हा ओळखला गेलेला आजारही असतो आणि त्याला उपचार आहेत. तू इतरांना निःसंकोच दवाखान्यात पाठवतेस. मग स्वतः मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला का कचरावंस? निदान १४४१६ वर फोन कर, ती टेलिमानसची सरकारी सेवा आहे, मराठीत बोलता येतं. हे मी गुरुजनांच्या अधिकाराने सांगते आहे.

घरी मुलांसमोर बोल. आई डबे का बघते हे त्यांना कळू दे. मी तिथे असताना तुझा लहाना खिशात बिस्किटं लपवत होता, ते तू पाहिलंस का मला माहीत नाही.

भात कापणीला आला की ये. नाशिकहून त्र्यंबकमार्गे येणारी गाडी मोखाड्यात थांबते. थंडी सुरू होईल, वसतिगृहात या वर्षी नव्या मुली पुष्कळ आहेत. त्या चादरींतल्या एक-दोन द्याव्याशा वाटल्या तर आण, नाही वाटल्या तर तशीच ये. तांदूळ मात्र आणू नकोस. दोघींपुरता माझ्याकडे आहे.

तुझ्या
बाई