दुसरा कंपायलर कशासाठी?

संगणकास केवळ शून्य व एक या अंकांतील आज्ञा उमगतात. मनुष्याने 'सी'सारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली त्या अंकांत उतरविणारा जो दुभाषा, त्यास कंपायलर म्हणतात.

सौंसरच्या एखाद्या गृहस्थाने पत्रात घरगुती बोलीचे शब्द योजिले, तर येथील दुभाष्यास ते सहज कळतील. पुण्याचा दुभाषा मात्र थबकेल. लिनक्सचे असेच झाले. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 1991 साली तिची रचना आरंभिली, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये सर्वांस खुला केलेला जीसीसी हा कंपायलर हाताशी होता. त्याने सी भाषेच्या प्रमाण व्याकरणापलीकडील अनेक सवलती दिल्या होत्या आणि लिनक्सकारांनी त्या मनमुराद वापरल्या.

पुढे इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर व त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएमचा पाया घातला. अडवे हे पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी, ही आपणांस कौतुकाची गोष्ट. त्या पायावर उभारलेला क्लँग हा कंपायलर 2007 साली खुला झाला. त्याच्यापुढे लिनक्स ठेवताच ठिकठिकाणी तो अडू लागला.

आता नमते कोणी घ्यावे? संरचनेच्या पोटात, लांबी आधी न ठरलेली रांग ठेवण्याची जीसीसीची सवलत क्लँगने साफ नाकारली. लिनक्सकारांनीच ती सोडली, आणि ते बरेच झाले. अशी रांग स्मृतीत किती जागा व्यापील, याचा आधी नेम नसतो. उलट यंत्रभाषेच्या तुकड्यातून सी भाषेतील अन्य ओळीवर थेट उडी घेण्याची सोय लिनक्सला सोडवेना. ती 2019 मध्ये क्लँगच नवव्या आवृत्तीत शिकला.

हे काम सुखाचे नव्हे. प्रत्येक बदल दोनदा तपासावा लागतो, आणि एकाचे समाधान करावे तो दुसरा रुसतो! तथापि एकाच्या नजरेतून निसटलेला दोष दुसऱ्यास दिसतो, हा लाभ लहान नाही. 2017 साली गूगलच्या पिक्सेल 2 या दूरध्वनीतील लिनक्स क्लँगनेच सिद्ध केलेली होती.

हे दोन्ही कंपायलर विनामूल्य मिळतात. सी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एक प्रयोग अवश्य करावा. एक फलन 'राम' छापील व दुसरे 'श्याम' छापील, अशी दोन फलने लिहावी आणि ती याच क्रमाने तिसऱ्या फलनास पदे म्हणून द्यावी. आधी कोणते पद मोजावे, हे सी भाषेने ठरविलेलेच नाही. नेहमीच्या संगणकावर क्लँग डावीकडून आरंभ करून 'राम' आधी छापतो; जीसीसी बहुधा उजवीकडून आरंभ करतो व 'श्याम' आधी येतो.