रित्या भिंती, एक पियानो व एक चित्र

विद्यार्थीमित्रहो, दुःखाच्या काळीं मनुष्यानें चित्र पाहावें किंवा वाद्य ऐकावें असें कोणीं म्हटलें, तर पुष्कळ वडील मंडळींस तें पोरकटपणाचें वाटतें. घरांत आजारी माणूस, डोक्यावर कर्ज, आणि ह्याला संगीत कसें सुचतें? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु त्याची परीक्षा सुखवस्तु माणसाच्या दिवाणखान्यांत होणार नाहीं. जेथें खरोखर जिवावर बेतलें होतें अशा ठिकाणींच ती केली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांतील लंडन शहर हें असें एक ठिकाण होय, आणि तेथील ट्रॅफल्गार चौकांतल्या नॅशनल गॅलरी ह्या चित्रसंग्रहालयाची हकीकत ह्या कामीं फार उपयोगी आहे.

ता. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं इंग्लंडनें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. त्यापूर्वींच ह्या संग्रहालयांतील चित्रें पेट्यांत भरून वेल्स प्रांतांतील वाड्यांत व विद्यालयांत नेऊन ठेविलीं होतीं. पुढें तेथेंही विमानहल्ल्याची भीति वाटूं लागली, तेव्हां चित्रें कॅनडास पाठविण्याचा विचार निघाला. पण पंतप्रधान चर्चिल ह्यांनीं तो साफ फेटाळला, आणि १९४१ सालीं तीं मॅनॉड नांवाच्या डोंगरांतील पाटीच्या दगडाच्या खाणींत हलविण्यांत आलीं. (व्हॅन डाइक ह्या चित्रकारानें काढलेलें राजा चार्ल्सचें अश्वारूढ चित्र इतकें प्रचंड होतें कीं, तें पुलाखालून जावें म्हणून रस्ता खणून खोल करावा लागला! देशावर बाँब पडत असतां एका चित्रासाठीं रस्ता खणणाऱ्या लोकांस वेडे म्हणावें कीं शहाणे, ह्याचा निकाल वाचकांनींच लावावा.)

इकडे लंडनमध्यें युद्धाचा आरंभ होतांच नाटकगृहें, सिनेमागृहें व जलशांचीं सभागृहें सरकारी हुकमानें बंद झालीं. रात्रीं रस्त्यावर दिवा नाहीं, मुलें खेड्यापाड्यांत रवाना झालेलीं, आणि केव्हां काय होईल ह्याचा नेम नाहीं. अशा वेळीं मायरा हेस ह्या नामांकित पियानोवादक बाईंनीं आपला ठरलेला अमेरिकेचा दौरा रद्द केला, आणि संग्रहालयाचे संचालक केनेथ क्लार्क ह्यांस विचारलें कीं, ह्या ओसाड दालनांत कधींमधीं एखादा जलसा करूं द्याल काय? कधींमधीं कशाला, रोजच करावा, असें त्यांचें उत्तर आलें. ता. १० ऑक्टोबर १९३९ रोजीं दुपारच्या जेवणाच्या सुटींत पहिला जलसा झाला. प्रवेशाचा दर एक शिलिंग. थोडीबहुत माणसें येतील अशी अपेक्षा होती. आलीं सुमारें एक हजार! खुर्च्या पुरल्या नाहींत, तेव्हां लोक जमिनीवर बसले.

त्या दिवशीं वाजविलेल्या रचनांत बेथोवन ह्याचा ‘अपॅसिओनाटा’ नांवाचा सोनाटा होता. ही रचना कानाला गोड लागणारी म्हणून प्रसिद्ध नाहीं. तींत गडगडाट आहे, मध्येंच भयाण शांतता आहे, आणि शेवट तर वादळासारखा आहे. बेथोवननें ती १८०४ ते १८०६ च्या सुमारास रचिली. त्यापूर्वींच आपली श्रवणशक्ति नाहींशी होत चालली आहे हें त्यास कळून चुकलें होतें. संगीतकारास ह्याहून मोठी आपत्ति कोणती? क्लार्क ह्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे कीं, ती रचना ऐकतांना निम्म्या श्रोत्यांचे, व त्यांबरोबर त्यांचे स्वतःचेही, डोळे भरून आले. दुःखी माणसास कांहीं तरी गोड ऐकविलें म्हणजे त्याचें समाधान होतें, ही समजूत म्हणून मला अपुरी वाटते. आपल्या मनांत जी खळबळ चालली आहे तिला कोणीं तरी आकार दिला आहे, तिला आरंभ आहे आणि शेवटही आहे, हें कानांनीं कळतें, आणि मग ती थोडी अधिक सोसवते. तान्ह्या मुलास अंगाई पुरते. मोठ्यांस तेवढ्यानें पुरत नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बेथोवन जर्मन होता, बाख जर्मन होता. ज्या राष्ट्राचीं विमानें शहरावर येत होतीं त्याच राष्ट्रांतील पूर्वजांचें संगीत हे लोक रोज दुपारीं ऐकत होते, आणि तें बंद करावें असें बाईंच्या मनांतही आलें नाहीं.

ऑक्टोबर १९४० ते एप्रिल १९४१ ह्या अवधींत संग्रहालयावर नऊ वेळां बाँब पडले. दालनाचें छत कांचेचें असल्यामुळें जलसे तळघरांत भरूं लागले. एकदां इमारतींत न फुटलेला बाँब सांपडला, तेव्हां श्रोत्यांस दूरच्या दालनांत बसविलें. चार तंतुवाद्यांची बेथोवनचीच एक रचना चालू असतां तो बाँब फुटला, आणि वादकांचा ताल चुकला नाहीं!

आतां चित्रांविषयीं. १९४२ च्या आरंभीं एका शिल्पकारानें ‘टाइम्स’ पत्रांत लिहिलें कीं, शहराचा चेहरा असा विद्रूप झाला असतां आम्हांस सुंदर वस्तु पाहण्याची अधिकच गरज आहे. तेव्हां दरमहा एकच चित्र खाणींतून आणून मांडावें असें ठरलें. धोका पत्करावयाचा तो एकाच चित्रापुरता, आणि रात्रीं तेंही तळघरांत न्यावयाचें. लोकांनीं मागणी केली ती युद्धाच्या देखाव्यांची नव्हे, कीं मनोरंजक घरगुती प्रसंगांचीही नव्हे. पहिलें चित्र आलें तें टिशियन ह्याचें, सुमारें १५१४ सालीं काढलेलें ‘नोली मे टॅन्जरे’, म्हणजे ‘मला स्पर्श करूं नको’. पुनरुत्थानाच्या प्रातःकाळीं बागेंत मरीया मग्दालिया गुडघे टेकून प्रभूला स्पर्श करूं पाहते. तो आपलें शुभ्र वस्त्र मागें आवरतो, पण त्याचें शरीर मात्र तिच्याकडे वांकलेलें आहे. मागें एक झाड, टेकडीवर कांहीं घरें, आणि दूरवर निळसर प्रकाश. गेलेलें माणूस पुन्हां हातीं धरतां येत नाहीं, आणि तरी तें आपल्याला सोडून गेलेलें नाहीं, एवढें सगळें त्या एका वांकण्यांत आहे. ज्यांच्या घरीं त्या वर्षीं तार आली असेल, त्यांस हें चित्र कोणीं समजावून सांगावें लागलें नसेल.

पूर्वीं ह्या भिंतींवर शेंकडों चित्रें होतीं, व आपण प्रदर्शनांत जातों तसेच लोक एकावरून दुसऱ्याकडे सरकत असत. आतां एकासमोरच उभें राहावयाचें! मुलांनो, तुम्हीं हा प्रयोग कॅलेंडरवरील एखाद्या बऱ्या चित्रावरही करून पाहा; पांच मिनिटें तेवढेंच पाहा. दुसऱ्या मिनिटाला कंटाळा येईल, तो येऊं द्यावा.

ह्या जलशांनीं व चित्रांनीं युद्ध एक दिवसही लवकर संपलें नाहीं, कीं कोणाचें पडलेलें घर उभें राहिलें नाहीं. आक्षेप घेणाऱ्या वडील मंडळींचें एवढें म्हणणें मान्य केलेंच पाहिजे. परंतु जे दुपारीं तास दीड तास येथें बसत, ते मग उठून पुन्हां आपापल्या कामावर जात, हेंही तितकेंच खरें आहे.

१९४५ सालीं चित्रें खाणींतून परतूं लागलीं. जलसे १० एप्रिल १९४६ पर्यंत चालले. एकूण १,६९८ झाले, आणि श्रोत्यांची संख्या आठ लाखांवर गेली. वादक प्रसिद्ध असो वा नवा असो, त्यास सारखेच पांच गिनी मिळत. बाईंनीं स्वतः मात्र शंभराहून अधिक वेळां वाजवून एक पेनीही घेतली नाहीं. पुढें दालनें पूर्ववत् भरलीं, आणि टिशियनचें तें चित्रही आपल्या शेंकडों सोबत्यांत जाऊन बसलें.