पटावर वीस वर्षं, हिशेबात किती?

बंगळुरूच्या पीण्या भागातल्या कारखान्यात लेथवर असताना मी टेरिटोरियल आर्मीतही (टीए) होतो. बोलावणं आलं की वर्दी, परतलो की लेथ. नाव जवळपास वीस वर्षं पटावर राहिलं; पेन्शन मात्र नाही. त्यामुळे बेळगाव-खानापूरकडची पोरं भरतीआधी फोनवर "काका, पेन्शन किती बसेल?" विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, "सध्या पगार कुठून येतो?"

कारण टीए ही नोकरीच नाही. आपापला नोकरीधंदा सांभाळून सैन्याच्या कामी येणाऱ्यांची ही फौज 1949 साली उभी राहिली. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं लागतात, अधिकाऱ्याला वीस. पण ती एम्बॉडी असलेली, म्हणजे प्रत्यक्ष सेवेत काढलेली. घरी काढलेले मधले महिने त्यात धरत नाहीत. वर्षाला दोन महिन्यांचं प्रशिक्षण सगळं मोजलं, तरी वीस वर्षांत चाळीस महिनेच होतात! बाकी भर पडते ती युनिटला बोलावलं तर, आणि ते गरजेवर ठरतं, आपल्या इच्छेवर नाही. माझ्यासोबतचे काही जण सलग काश्मीरमध्ये राहिले, त्यांची पंधरा भरली. आमची कंपनी परत आली.

पेन्शनची खरी किंमत महिन्याच्या आकड्यात शोधू नका. 2016 पासून किमान 9000 रुपये, वर महागाई सवलत, हे आहेच. पण मागे बायकोला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन आणि माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतले उपचार यांची किंमत बंगळुरूत एकदा हॉस्पिटलचं बिल हातात पडलं की कळते.

पण टीएची पेन्शन बसेलच याचा भरवसा नाही, म्हणून आपल्या नोकरीतला पीएफ मोडू नका. बोलावण्यावर असताना कामगाराचे पीएफमधले हक्क टीएच्या कायद्याने शाबूत राहतात, आणि ईपीएफची पेन्शन दहा वर्षांच्या सेवेवर बसते. ती छोटी असते, पण तिथली वर्षं आपल्या हातात असतात.

दुसरं, प्रत्येक वेळी एम्बॉडी झाल्याची आणि सुटल्याची नोंद पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे युनिटच्या सेवा-नोंदीच्या आदेशात, लागली का, ते तिथेच पाहा. माझ्या एका खेपेची लागलीच नव्हती. (लागली असती तरी पंधरा भरली नसतीच, ते सोडा.)

अपंगत्वाच्या पेन्शनचा हिशेब मात्र वेगळा. तिथे पंधरा वर्षांची अट आड येत नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीएतल्या पानी राम यांना ती मंजूर केली. तेव्हा ड्युटीवर लागलं तर कागद युनिटमध्ये असतानाच करून घ्या; घरी आल्यावर साक्षीदारही सापडत नाहीत.