सिबुलकोवाच्या खेळातून मी काय घेतलं

बरीच वर्षं मी मुलींना टेनिस शिकवते आहे. ब्रातिस्लाव्हाच्या डॉमिनिका सिबुलकोवाचे सामने मी शिकवणाऱ्याच्या नजरेनं पाहिले. त्यातून हाती लागलेलं हे थोडंसं.

१. उंची कमी असेल तर आधी पाय तयार करा.
सिबुलकोवाची उंची १६१ सेंटीमीटर. २००९च्या फ्रेंच ओपनमध्ये तिच्यापेक्षा फूटभर उंच भासणाऱ्या मारिया शारापोव्हाला तिनं ६-०, ६-२ असं हरवलं. सर्व्हिसनं धाक बसवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून ती बेसलाइनला चिकटून उभी राहायची आणि चेंडू पुरता उसळायच्या आत त्यावर तुटून पडायची. बुटक्या मुलीनं चेंडू खांद्यापर्यंत येऊ दिला की तो हातचा गेलाच. त्यामुळे माझ्याकडे पायांचा सराव सर्व्हिसच्या आधी होतो.

२. मानहानीकारक हार विसरायची नाही, तिचा हिशेब मांडायचा.
हा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जानेवारी २०१३, सिडनीची अंतिम फेरी. पोलंडच्या अग्निएश्का राडवान्स्कानं तिला ६-०, ६-० असं धुतलं. अंतिम सामन्यात एकही गेम नाही! एखादी खेळाडू पुन्हा त्या प्रतिस्पर्ध्यासमोर यायलाच घाबरली असती. त्याच वर्षी जुलैत स्टॅनफर्डच्या अंतिम फेरीत पुन्हा राडवान्स्काच समोर आली. पहिला सेट गेला, तरी सिबुलकोवानं ३-६, ६-४, ६-४ असं विजेतेपद घेतलं. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत तिनं राडवान्स्काला ६-१, ६-२ असं नमवलं आणि ग्रँड स्लॅम एकेरीची अंतिम फेरी गाठणारी पहिली स्लोव्हाक महिला ठरली. तिथे चीनची ली ना जिंकली. २०१६च्या विम्बल्डनमध्ये पुन्हा राडवान्स्का, आणि तिसरा सेट सिबुलकोवानं ९-७ असा जिंकला. सिडनीनंतर वर्षभरात पारडं असं फिरवणं ही नुसत्या त्वेषाची गोष्ट नाही, त्यामागे अभ्यास असतो.

३. ओरडू द्यावं.
तिची ‘पोमे!’ (म्हणजे ‘चला!’) ही आरोळी स्टेडियमभर घुमायची. काहींना ती खटकायची, मला कधीच नाही. मुलींनी कोर्टवर गप्प राहावं असं मी कुणालाही सांगत नाही.

४. दोन सामने गेले म्हणजे स्पर्धा गेली असं नाही.
२०१५मध्ये तिच्या टाचेच्या शिरेवर शस्त्रक्रिया झाली, क्रमवारीत ती पहिल्या पन्नासांतून बाहेर फेकली गेली. पुढच्याच वर्षी ती सिंगापूरच्या डब्ल्यूटीए फायनल्ससाठी पात्र ठरली. तिथे गटातले पहिले दोन्ही सामने हरली. तिसऱ्यात सिमोना हालेपला हरवून कशीबशी पुढे सरकली, उपांत्य फेरीत पहिला सेट १-६ गमावूनही जिंकली आणि अंतिम फेरीत जगातल्या अव्वल अँजेलिक केर्बरवर ६-३, ६-४ अशी मात केली. मार्च २०१७मध्ये ती जागतिक क्रमवारीत चौथी होती.

२०१९मध्ये, तिशीत, ती निवृत्त झाली. एकेरीची आठ विजेतेपदं, ग्रँड स्लॅम एकही नाही. तुमची मुलगी रॅकेट हातात घेऊन उंचीची काळजी करत बसली असेल, तर सिंगापूरचा तो अंतिम सामना तिच्या शेजारी बसून पाहा.