‘चालला का?’ एवढंच विचारू नका

पालकहो,

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते. आधी शाळेतलं, मग तालुक्याचं, मग जिल्ह्याचं. सातारा असो की सांगली, आठवी-नववीतल्या मुलांना ‘यंदा काय करणार?’ असं विचारलं की बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं : रोबो. त्याच संध्याकाळी घरात दुसरा प्रश्न उभा राहतो : ‘तयार मिळतो का कुठं?’

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि मुलांकडून वर्गात रिमोटवर चालणारे साधे रोबो करून घेतो. म्हणून या दुसऱ्या प्रश्नाबद्दल तुमच्याशी मनमोकळं बोलायचं आहे. तुमची अडचण मला कळते. दिवसभराचं काम, शेती, दुकान, नोकरी, त्यात प्रदर्शनाची तारीख तोंडावर आलेली. मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून तुम्ही पैसे मोजता आणि तयार रोबो आणून देता. त्यामागची माया खरी आहे. पण त्या पैशांत मुलाच्या हातून काय निसटतं, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

आधी हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू. माणसासारखं चालणारं-बोलणारं काही नाही. पुठ्ठ्याची किंवा लाकडी फळीची एक बैठक, तिला दोन पिवळ्या गिअर मोटारी, दोन चाकं, पुढं कुठंही वळणारं एक छोटं चाक, पेन्सिल सेल आणि वायरी. पहिला रिमोटही तारेचाच असावा, असा माझा आग्रह असतो. एका डबीवर दोन डीपीडीटी स्विच बसवायचे, डाव्या मोटारीला एक, उजव्या मोटारीला एक. दोन्ही पुढं ढकलले की गाडी पुढं जाते. दोन्ही मागं ओढले की मागं येते. एक पुढं आणि एक मागं केला की गाडी जागच्या जागी गिरकी घेते. या स्विचला सहा टोकं असतात. त्यांच्या वायरी तिरक्या जोडल्या की स्विच उलटा पडताच मोटारीतून जाणाऱ्या विद्युतधारेची दिशा उलटते आणि चाक उलटं फिरतं.

हे तुम्हाला अजिबात नवीन नाही. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीचे फेज बदलले की ती उलटी फिरते आणि पाणी चढत नाही. मग स्टार्टरमधल्या दोन वायरींची अदलाबदल करावी लागते, हे आपल्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल. रोबोतल्या इवल्या डीसी मोटारीचं कारण थोडं वेगळं आहे, उपाय मात्र तसाच. रात्री-अपरात्री लाइट आली की घरात बसून मोबाइल स्टार्टरनं मोटार सुरू करणारे बाबा रिमोट कंट्रोलच वापरत असतात. म्हणून मुलगा रोबो करायला बसला की ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ म्हणून बाजूला होऊ नका. तुम्हाला बरंच कळतं. ते त्याला सांगा.

आता मुख्य गोष्ट. रोबो जोडायला फार वेळ लागत नाही. खरा अभ्यास सुरू होतो तो रोबो चालत नाही तेव्हा.

वर्गात हमखास घडणारा प्रकार सांगतो. मुलं दुकानातून चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी आणतात, कारण ती छोटी असते आणि आकडा मोठा असतो. रोबो हातात उचलून धरला की चाकं भिरभिरतात. जमिनीवर ठेवला की गाडी हलत नाही. मुलं लगेच म्हणतात, ‘सर, मोटार खराब आहे.’ अशा वेळी मी उत्तर देत नाही, मल्टिमीटर देतो. मोटार बंद असताना बॅटरीचं विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, मोजा, मग रोबो जमिनीवर ठेवून मोटारी सुरू करा आणि पुन्हा मोजा. आकडा धाडकन खाली आलेला दिसतो. त्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे मोटारींना ओझं ओढायला लागणारी धारा ती देऊ शकत नाही. मग तिच्या जागी चार पेन्सिल सेल जोडा, म्हणजे जेमतेम सहा व्होल्ट. आणि गाडी सुरू होते. नऊ व्होल्टवर न चालणारी गाडी सहा व्होल्टवर चालते, हे ज्या मुलानं स्वतः मोजून पाहिलं, त्याला व्होल्टेज आणि करंट यांतला फरक पुन्हा कधी पाठ करावा लागत नाही.

पुढची तक्रार असते, ‘गाडी सरळ जात नाही, डावीकडं ओढते.’ दोन मोटारी एकाच कंपनीच्या, एकाच दुकानातल्या असल्या तरी अगदी सारख्या वेगानं फिरत नाहीत. पण दोष मोटारीचाच कशावरून? चाक वाकडं बसलं असेल, सेलचं वजन एका बाजूला गेलं असेल. मग शोधायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी फक्त दोन्ही मोटारींची जागा बदलून बघायची. ओढ उजवीकडं गेली तर दोष मोटारीचा. डावीकडंच राहिली तर मोटार निर्दोष आहे, आता चाक तपासा, मग वजन तपासा. गाडी दुरुस्त करणारा चांगला मिस्त्री आणि रोगाचं निदान करणारा चांगला डॉक्टर याच रीतीनं विचार करतात. हा विचार तयार रोबोच्या खोक्यात मिळत नाही.

त्यानंतर वेग. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात ते सुमारे २० सेंटिमीटर पुढं जातं. मोटार मिनिटाला १०० फेरे घेते असं दुकानदारानं सांगितलं असेल, तर गाडीनं सेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जायला हवं, म्हणजे ३ मीटर अंतराला जवळजवळ ९ सेकंद. मुलं खडूनं दोन रेघा मारतात आणि मोबाइलवर वेळ लावतात. वेळ जास्त भरते. का भरते? वजनामुळं, घर्षणामुळं, की सेल उतरल्यामुळं? गुळगुळीत फरशीवर किती, कोब्यावर किती, मैदानातल्या मातीत किती? नववीच्या पुस्तकातले ‘गतीचे नियम’, ‘कार्य आणि ऊर्जा’, ‘धाराविद्युत’ हे पहिले तीनही धडे या खडूच्या दोन रेघांमध्ये येऊन बसतात. दहावीतला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा तर मोटारीच्या पोटातच आहे.

तारेचा रोबो अंगवळणी पडला की मुलं मोबाइलवरून चालवायला उत्सुक होतात. आर्डुइनो हा आज्ञा देणारा छोटा बोर्ड, मोटारींना धारा पुरवणारा मोटार ड्रायव्हर, मोबाइलशी जोडणारं ब्लूटूथ मॉड्यूल अशी नवी मंडळी येतात आणि त्यांच्याबरोबर नव्या अडचणीही येतात. मोटारी सुरू झाल्या की ब्लूटूथ तुटतो, कारण एकदम जास्त धारा ओढल्यानं विभवांतर घसरतं आणि आर्डुइनो पहिल्यापासून सुरू होतो. नेहमी वापरला जाणारा एल२९८एन हा ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे मोटारी मंदावतात. ज्या मुलानं आधी तारेच्या गाडीवर मोजमाप केलेलं असतं, तो इथं गोंधळत नाही. कुठं बघायचं, हे त्याला माहीत असतं.

आपला हा मुलूखच करून बघणाऱ्यांचा आहे. बेळगावात लोखंडी नांगर तयार करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि त्याची किर्लोस्करवाडी झाली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. सुरुवातीला लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी बिचकत होते. लोखंडानं जमीन नासेल, अशी भीती होती. ती भीती व्याख्यानानं गेली नाही. नांगर रानात चालला, तेव्हा गेली. हेच किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले भाऊराव पाटील पुढं कर्मवीर झाले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, नंतर ती साताऱ्यात आली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्या संस्थेचं वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. ‘कमवा आणि शिका’ म्हणणाऱ्या कर्मवीरांच्या जिल्ह्यात विकत आणलेला रोबो मुलाच्या नावानं मांडणं मला मनापासून खुपतं.

चांद्रयानाचंही उदाहरण मुलांना जरूर सांगा. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर नीट उतरू शकलं नाही. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी काय चुकलं याचा छडा लावला आणि पुढच्या यानात काय काय बिघडू शकेल, ते गृहीत धरून रचना केली. लँडरचे पाय भक्कम केले, पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. त्यातून निघालेला सहा चाकांचा प्रज्ञान रोव्हर अवघा २६ किलोचा होता. चारच दिवसांनी त्याच्यासमोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला. पृथ्वीवरून मागं फिरण्याची आज्ञा गेली आणि तो दुसऱ्या वाटेनं सुखरूप निघाला. लाखो किलोमीटर दूरचा तो रोव्हर आणि शाळेच्या व्हरांड्यात फिरणारी आपली गाडी, दोघांमागचा नियम एकच : पाठवण्याआधी तपासा आणि बिघडलं तर कारण शोधा.

आता तुमच्या मनातल्या शंकांकडं येतो.

‘याला मार्क किती?’ दहावीला विज्ञानाच्या शंभरांतले २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, बारावीला भौतिकशास्त्राचे ३०. पण मी त्यासाठी सांगत नाही. उरलेल्या लेखी पेपरात ‘कारणे द्या’ लिहिताना ज्यानं कारण हातानं शोधलेलं असतं, त्याला ते आठवावं लागत नाही. पुढं सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जायचं स्वप्न असेल, तर तिथंही पहिल्याच वर्षी हाताला काम येतं का, ते दिसतं.

‘खर्च झेपेल का?’ तारेचा रोबो काही शे रुपयांत होतो. जुन्या खेळण्यातली मोटार, बाटल्यांची झाकणं, पुठ्ठा यांवरही सुरुवात होते. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंमधून विज्ञान शिकवण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांची खेळणी मुलांना दाखवा. तुमच्या मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे २०१६ पासून सुरू झालेल्या योजनेतली करून बघायची प्रयोगशाळा, असेल, तर तिथलं सामान मुलांच्या हातात रोज पडतं का, ते पालक सभेत विचारा. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी १०,००० रुपये मिळतात. त्यासाठी मुलाचं नाव शाळेनं पाठवलं का, हेही विचारा.

आणखी एक कळकळीची विनंती मुलींच्या पालकांना. गटात काम सुरू झालं की मुलगे वायरी जोडतात आणि मुलींकडं तक्ता रंगवणं, फाइल सजवणं येतं. हे वर्गात मी थांबवतो, घरी तुम्ही थांबवा. मिक्सरचा प्लग सैल झाला तर आधी मुलीच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या. प्लग बोर्डातून काढलेला आहे ना, एवढं मात्र आधी पाहा.

सुरक्षेबाबत थोडं कडक राहा. रोबो सेलवरच चालवायचा, घरातल्या बोर्डाच्या विजेवर नाही. जुन्या मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या लिथियम बॅटऱ्या फोडून वापरू द्यायच्या नाहीत, त्या पेट घेतात. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, मोठ्या माणसानं शेजारी बसावं. बसावं, पण हातातून काम काढून घेऊ नये.

पालकहो, मूल रोबो घेऊन घरी आलं की ‘चालला का?’ आणि ‘नंबर आला का?’ हेच प्रश्न आपल्या ओठांवर येतात. त्यांच्याऐवजी हे तीन विचारा : कुठं अडलं होतं? कारण कसं शोधलंस? आता पुढं काय बदलून बघणार आहेस? मुलाला एक साधी वही आणून द्या आणि प्रत्येक चाचणीची तारीख, मोजलेला आकडा आणि बदललेली एक गोष्ट तिच्यात लिहायला सांगा. परीक्षकांनाही माझी विनंती आहे, की चकचकीत रंगाला भुलू नका, ती वही मागा.

यंदाच्या प्रदर्शनाला अजून वेळ आहे. तयार रोबोसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून एक मल्टिमीटर, दोन मोटारी आणि एक वही घ्या आणि येत्या रविवारी दोन तास मुलाशेजारी बसा. बाकीचं त्याला करू द्या.