विचारावें कीं विचारूं नये?

इ. स. १९३५ सालीं इंग्लंडांतील लिंकन शहरीं चॅड व्हारा नांवाच्या एका तरुण पाद्रीसाहेबांस आपल्या सेवेंतील पहिलाच दफनविधि करावा लागला. मृत व्यक्ति तेरा-चौदा वर्षांची मुलगी होती. वयांत येतांना प्रत्येक मुलीच्या देहांत जो स्वाभाविक फरक होतो, तो कांहीं लाजिरवाणा रोग होय अशी तिची समजूत झाली, आणि तिनें आपला प्राण घेतला. दोन मिनिटांत दूर होणारी भीति! परंतु ती बोलून दाखवावी असें कोणी माणूस तिला मिळालें नाहीं.

ही गोष्ट व्हारा विसरले नाहींत. १९५३ च्या नोव्हेंबरांत लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या देवळांत त्यांनीं एक टेलिफोन ठेविला, आणि ज्यास जीव नकोसा झाला असेल त्यानें आपणांस बोलवावें असें प्रसिद्ध केलें. माणसें येऊं लागलीं. साहेबांची भेट होईपर्यंत त्यांस चहा द्यावा व जवळ बसावें, एवढ्यासाठीं कांहीं स्वयंसेवक होते. नवल असें कीं, त्या साध्या माणसांपाशीं मन मोकळें केल्यावर पुष्कळांस साहेबांच्या भेटीची गरजच उरेना! पुढील वर्षीं व्हारांनीं तें काम स्वयंसेवकांच्याच हातीं सोंपविलें. 'समॅरिटन्स' ही संस्था ती हीच.

आमच्याकडील पालकांस एक धास्ती असते कीं, असला विषय काढला तर नसतें खूळ मुलाच्या डोक्यांत शिरेल. ही समजूत चुकीची आहे. या विषयाच्या अभ्यासकांस असें आढळलें आहे कीं, शांतपणें व सरळ विचारल्यानें तो विचार बळावत नाहीं. उलट एकट्यानें वाहिलेलें ओझें खालीं ठेवावयास जागा मिळते.

मग विचारावें केव्हां? निकालाचे दिवस तर उघडच आहेत. पण संकट दरवेळीं निकालाचा मुहूर्त पाहून येत नाहीं. चार मैत्रिणींत हंसतखेळत असणारी मुलगी मधल्या सुट्टींत एकटी बसूं लागते, जेवण टाकते, रात्र रात्र जागते. जिवापाड जपलेली बॅट एखादा मुलगा विनाकारण मित्रास देऊन टाकतो. "मी नसलों म्हणून कोणाचें अडणार आहे?" असें कोणी हंसत बोलून जातो, आणि ऐकणारेही हंसतात. पुष्कळ दिवसांच्या उदासीनंतर एकाएकीं आलेली शांतता पाहून घरचीं माणसें निश्चिंत होतात. तीदेखील कधीं कधीं काळजीचीच खूण असते. एकाच गोष्टीवरून निष्कर्ष काढूं नये हें खरें. विचारपूस करावयास मात्र एकही पुरे.

"तुला फार जड जातें आहे का? जीव द्यावा असें मनांत येतें का?" असें जवळ बसून विचारावें. उत्तर 'होय' आलें तर ओरडूं नये, भ्याड म्हणूं नये, शेजारच्या मुलाचे गुण तर मुळींच सांगूं नयेत. (ही शेवटली खोड आम्हां शिक्षकांसही आहे, हें कबूल केलें पाहिजे.) त्यास एकटें सोडूं नये, इजा होईल अशा वस्तु दूर ठेवाव्या, आणि विलंब न लावितां डॉक्टरांकडे न्यावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमचा सोबती "कोणास सांगूं नकोस" अशी शपथ घालील. ही एक शपथ मोडावी, आणि त्याच दिवशीं विश्वासाच्या वडील माणसास सांगावें. रुसलेल्या मित्राची समजूत पुढें घालतां येते.

पोलिसांच्या भयानें गोष्ट झांकून ठेवणारीं घरें अजून आहेत. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा माणसाची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. आणि जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत जुन्या पिनल कोडाचें ३०९ वें कलम घेतलेलेंच नाहीं.

ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेली-मानस' सेवा चालू असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठींतूनही, विनामूल्य बोलतां येतें. हा क्रमांक प्रत्येकानें आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. ज्यास गरज नाहीं त्यानेंही लिहावा. शेजारच्या बाकावरील मुलगा वही उसनी मागतो, तेव्हां त्यास तो दिसेल.