परसांतील मेहरूणी बोर

संक्रांतीच्या सुगडांत घालावयास चार बोरें पाहिजेत म्हणून खानदेशांतील गृहिणी बाजारांत जाते, व तेथें तिला बहुधा उमराणाचीं थोराड बोरें मिळतात. मेहरूणी बोराची गोडी त्यांत नाहीं. ज्या मेहरूण गांवावरून या जातीस नांव पडलें, तें आज जळगांव शहरांतच मोडतें; शेतांच्या जागीं घरें उठलीं आहेत. तेव्हां ही जात पुढें टिकावयाची तर घरोघरच्या परसांतच टिकेल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोड बोर खाऊन आठळी पुरली म्हणजे तेंच झाड उगवतें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु आठळीपासून झालेलें रोप आईच्या वळणावर जाईलच, याचा भरंवसा नसतो. आठळी गांवठी बोराची लावावी व तिच्या रोपावर खात्रीच्या मेहरूणी झाडाचा डोळा भरावा, हाच मार्ग होय.

मग तयार कलमच कां आणूं नये? आम्हीं तें करून पाहिलें आहे. पिशवींतील कलम मोठ्या हौसेनें लाविलें. तिसऱ्या वर्षीं झाड बोरांनीं लहडलें, पण बोरें वाटाण्याएवढीं आणि आंबट! डोळा केव्हांच मेला होता, व आम्ही ज्यास पाणी घालीत होतों तो खालचा गांवठी खुंट होता. चूक आमचीच, जोडाखालचे फुटवे आम्हीं कधीं खुडलेच नव्हते. शिवाय बोराचें सोटमूळ फार लवकर खोल जातें. पिशवींत तें वेटोळें घेतें, आणि तसें झाड पुढें पाण्यावांचून तग धरीत नाहीं.

यास्तव आठळी जागच्या जागींच लावावी. भिंतीपासून १२ ते १५ फूट दूर, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कांटे येणार नाहींत अशी जागा पाहून, २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणावा आणि कांहीं दिवस उन्हांत तापूं द्यावा. तापीकांठच्या काळ्या जमिनींत पाणी सांचून कोंवळीं मुळें कुजतात. तेथें खड्ड्याच्या मातींत मुरूम किंवा वाळू मिसळावी. धुळ्याकडील मुरमाड जमिनींत उलट गाळाची माती घालावी. कुजलेलें शेणखत दोहींकडे हवेंच. आठळ्या मिठाच्या पाण्यांत टाकाव्या. तरंगतील त्या फेंकून द्याव्या व बुडालेल्या धुवून घ्याव्या. कवच हलक्या हातानें फोडून आंतील बी लाविल्यास उगवण लवकर होते. फाल्गुन-चैत्रांत तीन बिया लावून पुढें जोमदार रोप एकच राखावें.

रोप पेन्सिलीएवढें जाड झालें, कीं पावसाळ्यांत डोळा भरावा. बहुधा पहिल्याच वर्षीं तें तयार होतें. न झाल्यास वर्षभर थांबावें, घाई करूं नये. साल सहज सुटते किंवा नाहीं, हें आधीं पाहावें; ती चिकटून येत असेल तर त्या दिवशीं चाकू ठेवून द्यावा. जमिनीपासून वीतभर उंचीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर घेऊन, ढालीच्या आकाराचा फुगीर डोळा तींत बसवावा, आणि डोळ्याचें टोंक उघडें ठेवून पट्टीनें घट्ट बांधावें. पूर्वीं यास केळीचें सोपट वापरीत. आतां प्लॅस्टिकची पट्टी मिळते. तीन आठवड्यांनीं डोळा हिरवा असला तर वरील शेंडा छाटावा, व खालचे फुटवे दर आठवड्यास खुडावे. आमच्यासारखें विसरूं नये.

मोठें बोर कोरडवाहू खरें, पण पहिला उन्हाळा रोपास कठीण जातो. वैशाखांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, व काळी जमीन भेगाळून मुळें तुटतात. भेगा मातीनें बुजवाव्या, आळ्यांत केळीचीं वाळलेलीं पानें पसरावीं, आणि आठवड्यास दोन बादल्या पाणी द्यावें. वाळवी दिसली तर आच्छादन खोडापासून हातभर दूर सारावें.

बोर नव्या फुटीवर लागतें. म्हणून झाड मोठें झाल्यावर दर चैत्र-वैशाखांत, पानें झडलेलीं असतां, छाटणी करावी. फळमाशीनें किडलेलीं बोरें झाडाखालीं पडूं देऊं नयेत. रोज वेंचून खोल पुरावीं किंवा जाळावीं, कारण तींतील अळी मातींत शिरून कोश करते व माशी होऊन पुन्हां झाडावर येते. शेजारच्या परसांतही बोर असेल तर हें काम दोन्हीं घरांनीं मिळूनच केलें पाहिजे. एकट्यानें करून उपयोग नाहीं.